मतदार जागृतीचं काम: आधी यादी, मग रॅली

प्रभातफेरी, पथनाट्य, रांगोळी, शपथ. मतदार जागृती म्हटले की एवढेच डोळ्यांपुढे येते, आणि हे सगळे करावेही. पण मतदानाच्या दिवशी केंद्रापर्यंत येऊन हात हलवत परत जाणाऱ्या माणसाला या कार्यक्रमांचा काही उपयोग नसतो. त्याला मत द्यायचेच होते. यादीत नाव नव्हते. किंवा नाव होते, पण गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत. नव्याने या कामाला लागणाऱ्याने पहिल्याच दिवशी ध्यानात घ्यावे की आपले खरे काम निवडणूक जाहीर होण्याआधीच्या सुस्त महिन्यांत असते आणि ते बरेचसे कारकुनी असते. भाषणाची हौस असलेल्यांचा इथे थोडा हिरमोड होतो. यादी, पेन आणि चालायची तयारी असलेली चार माणसे एका केंद्राला पुरतात.

पुढचे सगळे महाराष्ट्रातल्या गावात किंवा शहरात पहिल्यांदाच हे काम करणाऱ्यांसाठी आहे.

आयोग दोन, यादी एक

लोकसभा आणि विधानसभा भारत निवडणूक आयोग घेतो. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपरिषद आणि महापालिका या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो; हा आयोग १९९४ पासून आहे. लोक दोघांची सरमिसळ करतात, आणि त्यात फारसे बिघडतही नाही. बिघडते ते एकाच बाबतीत. राज्य निवडणूक आयोग स्वतःची वेगळी यादी करत नाही. तो एक तारीख ठरवतो, त्या तारखेला अस्तित्वात असलेली विधानसभेची यादी घेतो आणि प्रभागांप्रमाणे तिचे तुकडे पाडतो. त्यात नवे नाव घालता येत नाही, जुने काढता येत नाही.

म्हणजे महापालिकेची निवडणूक लागल्यावर "नाव घालायचंय" म्हणत आलेल्या माणसाला तुम्ही फक्त सहानुभूती देऊ शकता. प्रभागनिहाय प्रारूप यादी प्रसिद्ध झाली की हरकतींसाठी थोडे दिवस मिळतात, पण त्या हरकती असतात चुकीच्या प्रभागात गेलेल्या नावांसाठी किंवा लेखनिकाच्या चुकांसाठी. अलीकडच्या स्थानिक निवडणुकांत संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे छापले गेले आणि अशा मतदारांकडून कुठल्या केंद्रावर मत देणार ते लिहून घेतले गेले. आपल्या भागात असे तारे दिसले, तर त्या घरी आधीच जाऊन सांगा. मतदानाच्या रांगेत हा विषय निघाला की माणूस बिथरतो.

यादी वाचायला शिका

भारत निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवरून विधानसभा मतदारसंघ आणि भाग क्रमांक निवडून यादीची पीडीएफ उतरवता येते. ती चित्रासारखी असते, नाव टाइप करून आत शोधता येत नाही. तिचा कागदावर प्रिंट काढणेच सोयीचे.

पहिल्या पानावर मतदान केंद्राचे नाव, त्यात येणाऱ्या वाड्या, गल्ल्या, सोसायट्या आणि पुरुष, स्त्रिया, तृतीयपंथी यांची संख्या असते. इथेच थांबा. वस्तीत स्त्री-पुरुष जवळपास सारखे असताना यादीत स्त्रिया ठळकपणे कमी दिसत असतील, तर तुमचे पहिले काम सापडले. मग यादीत १८ आणि १९ वय असलेल्यांची नावे बोटाने मोजा. एवढ्या मोठ्या वस्तीत या वयाचे मोजकेच चेहरे निघाले, तर दुसरे कामही सापडले.

आतल्या पानांवर प्रत्येक मतदाराचा एक चौकोन असतो: अनुक्रमांक, ओळखपत्राचा क्रमांक, नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, घर क्रमांक, वय, लिंग. घर क्रमांकाच्या जागी कित्येकदा नुसता शून्य किंवा आडवी रेघ असते. त्यामुळे एका घरातली पाच माणसे पाच पानांवर विखुरतात, कधी दोन केंद्रांवरही. शेवटी पुरवणी याद्या असतात, नव्याने आलेली आणि वगळलेली नावे तिथे. मूळ पानावर नाव दिसले म्हणून खूश होऊ नका, पुरवणीत ते वगळलेले नाही ना हे पाहूनच पुढे जा.

मतदान कार्ड जवळ असणे आणि यादीत नाव असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कपाटात जपून ठेवलेले पंधरा वर्षांपूर्वीचे कार्ड दाखवून "आमचं सगळं झालेलं आहे" म्हणणारी काही घरे तरी तुम्हाला भेटतीलच. त्यांच्याशी वाद न घालता कार्डावरचा क्रमांक पोर्टलवर टाकून दाखवा. नावाने शोधण्यापेक्षा क्रमांकाने शोधणे केव्हाही बरे. नावाच्या स्पेलिंगचा भरवसा नसतो.

बीएलओ हा तुमचा सगळ्यात महत्त्वाचा माणूस

प्रत्येक मतदान केंद्रासाठी एक केंद्रस्तरीय अधिकारी असतो. त्याला सगळे बीएलओच म्हणतात. बहुधा शाळेतले गुरुजी किंवा बाई, अंगणवाडी सेविका, नाहीतर पालिकेतला कर्मचारी. आपली नोकरी सांभाळून हे काम गळ्यात पडलेले असते, त्यामुळे पहिल्याच भेटीत तक्रारींची यादी पुढे ठेवू नका. शाळा सुटल्यावर जा, ओळख करून द्या आणि विचारा, "सर, कुठल्या भागात तुम्हाला घरं सापडत नाहीत?" उत्तर मिळाले की त्या गल्लीत त्यांच्याबरोबर फिरायची तयारी दाखवा. इथून पुढे तुमचे फोन उचलले जातात.

बीएलओच्या वर मतदार नोंदणी अधिकारी आणि सहायक मतदार नोंदणी अधिकारी असतात. तालुक्यात सहायक म्हणजे बहुतेक ठिकाणी तहसीलदार. निर्णय त्यांच्या सहीने होतो, बीएलओ फक्त पडताळणी करून अहवाल देतो. एखादा अर्ज अडला तर बीएलओवर चिडण्यात अर्थ नाही, तो एवढ्यासाठी.

पक्षांचेही केंद्रस्तरीय प्रतिनिधी असतात. त्यांच्याशी दारात बोला, त्यांच्याबरोबर फिरू नका.

दारावर काय बोलायचे

दोघांनी मिळून जावे, त्यातली एक बाई असावी. दुपारी दोन-तीनला गेलात तर घरात आजी आणि शाळेतून आलेली मुले भेटतील. संध्याकाळी सहानंतर किंवा रविवारी सकाळी सगळे असतात. गळ्यात ओळखपत्र ठेवा, पण मंडळाच्या देणगीला आलात असे वाटेल इतकी पावतीपुस्तके, फायली हातात नकोत.

सुरुवात "मतदान हा पवित्र हक्क" अशी करू नका. सरळ विचारा: या घरात अठरा पूर्ण झालेले किती जण? सगळ्यांची नावे यादीत आहेत का? लग्न होऊन कोणी आले किंवा गेले का? कोणी वारले का? एवढ्यात निम्मे काम होते. संवाद साधारण असा घडतो:

"काकू, सूनबाईंचं नाव आलं का इथल्या यादीत?"

"तिचं तिकडं माहेरी आहे ना."

"मग मतदानाला माहेरी जाणार का त्या?"

"कुठलं जातीये! लेकरं कोण बघणार?"

इथे काकूंशी बोलणे संपवून सूनबाईंना बाहेर बोलावून घ्यावे आणि पुढचे सगळे त्यांच्याशीच बोलावे. अर्ज त्यांचा, सही त्यांची, मोबाइल क्रमांकही शक्य तर त्यांचाच. घरातल्या कर्त्याने "मी भरतो सगळ्यांचे" म्हटले की कामे लवकर आटोपल्यासारखी वाटतात, पण पुढचे मेसेज कर्त्याच्या फोनवर जातात आणि सूनबाईंपर्यंत काही पोचत नाही.

आधार कार्डाचे फोटो आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागवण्याची सवय बऱ्याच गटांना असते. ती पहिल्या दिवशीच मोडा. कागद मतदाराच्या हातात राहावा, अर्ज त्याच्याच फोनवरून भरला जावा आणि ओटीपी त्याने स्वतः टाकावा. सगळ्या सोसायटीचे अर्ज एका स्वयंसेवकाच्या क्रमांकावरून भरणे तर मुळीच नको.

कुठला फॉर्म कशासाठी

सरकारी कागदावर याला 'नमुना' म्हणतात, बोलताना सगळे फॉर्म म्हणतात. तुम्हाला तीनच नीट माहीत असले तरी चालते.

फॉर्म ६ पहिल्यांदा नाव नोंदवण्यासाठी. फोटो, वयाचा पुरावा (जन्मदाखला, दहावी-बारावीची गुणपत्रिका, पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना, आधार यांपैकी एक) आणि पत्त्याचा पुरावा (वीज, पाणी किंवा गॅसचे बिल, बँकेचे पासबुक, नोंदणीकृत भाडेकरार, आधार वगैरे) लागतो. आधार क्रमांक देणे ऐच्छिक आहे; नसेल तर तसे लिहायची सोय अर्जातच असते. पत्त्याचा कागदच नसेल तर बीएलओने प्रत्यक्ष येऊन खात्री करावी अशी तरतूद आहे. कागद नाही म्हणून तुम्हीच परस्पर कोणाला परत पाठवू नका.

फॉर्म ८ पत्ता बदलणे, नाव, वय, फोटो दुरुस्त करणे, नवे कार्ड मागवणे आणि अपंगत्वाची नोंद करणे यासाठी. पूर्वी मतदारसंघातल्या मतदारसंघात घर बदलले तर फॉर्म ८अ लागायचा, २०२२ पासून तो याच्यातच आला.

फॉर्म ७ नाव वगळण्यासाठी किंवा दुसऱ्याच्या नावावर हरकत घेण्यासाठी. हा फॉर्म स्वयंसेवकाने हातात घेताना दहा वेळा विचार करावा. घरातल्या मृत व्यक्तीचे नाव कुटुंबीय मृत्यूचा दाखला जोडून काढून घेत असतील तर त्यांना मदत करा, तेवढ्यापुरता तो ठीक. "ते लोक आता इथं राहत नाहीत" अशा ऐकीव माहितीवर शेजाऱ्याच्या सहीने फॉर्म ७ भरून देणे म्हणजे कुणाच्या तरी मतावर बोळा फिरवणे. खोटे निवेदन करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो, हे अर्जावरही छापलेले असते.

सगळ्यात जास्त गोंधळ सहा आणि आठमध्ये होतो. सांगलीहून पुण्याला आलेला, तिकडे यादीत नाव असलेला माणूस पुण्यात फॉर्म ६ भरतो आणि "पूर्वी कुठेही नाव नाही" या निवेदनाखाली सही ठोकतो. आता नावे दोन, आणि चुकीचे निवेदनही त्याच्याच सहीचे. एका व्यक्तीचे नाव एकाच ठिकाणी असू शकते, असे लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० सांगतो. त्याने भरायचा होता फॉर्म ८. जुन्या यादीतून नाव निघून नव्या यादीत यायची वाट तीच. म्हणून दारावर प्रत्येकाला विचारायचा प्रश्न एकच: "याआधी कुठंही, कधीही मतदान केलंय का?" हो म्हणाला की फॉर्म ८.

लग्न होऊन आलेल्या बाईच्या बाबतीत हा पेच दुहेरी असतो. गाव बदललेले, आणि आपल्याकडे मधले नाव, आडनाव, कित्येकदा पहिले नावही बदललेले. माहेरच्या यादीत वडिलांचे नाव, आधारवर नवऱ्याचे, पासबुकावर तिसरेच काहीतरी. अशा वेळी माहेरच्या कार्डाचा क्रमांक शोधणे हेच मुख्य काम. भावाला किंवा आईला फोन लावून कार्डाचा फोटो त्या बाईच्याच फोनवर मागवता येतो. क्रमांक मिळाला की फॉर्म ८ वर नवा पत्ता घालून अर्ज करा आणि नावातला बदल विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्राच्या आधारे दुरुस्त करून घ्या. जिला लग्नानंतरही माहेरचेच नाव ठेवायचे आहे तिला कोणीही, सासूबाईंनी किंवा तुम्हीही, बदलायला लावायची गरज नाही. पत्ता बदलला तरी नाव तेच राहू शकते.

स्त्रियांच्या नावांचा हा घोळ पहिल्या निवडणुकीइतकाच जुना आहे. १९५१-५२ च्या यादीसाठी अनेक बायकांनी आपले नाव सांगितलेच नाही. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' अशाच नोंदी झाल्या. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य करायला नकार दिला आणि सुमारे २८ लाख स्त्रिया यादीबाहेर राहिल्या. निर्णय कठोर होता, पण त्याने पुढच्या याद्यांत बायकांना स्वतःच्या नावाने यावे लागले.

ऑनलाइन अर्ज भरताना इंग्रजीत टाइप केलेल्या नावाचे मराठी रूप आपोआप तयार होते. ऋतुजा, ज्ञानेश्वर, श्रद्धा अशा नावांवर तिथे हमखास संकट येते. मराठीचा रकाना वाचल्याशिवाय 'पुढे' दाबू देऊ नका.

अठराचे कोण आणि केव्हा

मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले ते ६१ व्या घटनादुरुस्तीने, १९८९ मध्ये. पण त्यानंतरही बरीच वर्षे फक्त १ जानेवारी हीच अर्हता तारीख, म्हणजे वय मोजायचा दिवस, होती. २ जानेवारीला अठरा पूर्ण झाले तर वर्षभर थांबायचे. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा झाल्या. २० मे रोजी अठरा पूर्ण करणाऱ्या मुलीची तारीख १ जुलै. शिवाय सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो, नाव मात्र त्या-त्या तारखेला वय भरल्यावरच लागते.

म्हणून बारावीचा वर्ग आणि आयटीआय या तुमच्या सोन्याच्या खाणी. अनेक शाळा-महाविद्यालयांत मतदार साक्षरता मंडळ कागदावर असते. त्याचे प्रभारी प्राध्यापक शोधा, प्राचार्यांना पत्र द्या आणि बीएलओला बरोबर घेऊन जा. २५ जानेवारीच्या राष्ट्रीय मतदार दिनाची वाट पाहू नका, त्या दिवशी सगळेच येतात आणि फोटो काढून जातात.

जे नेहमी सुटतात

ऊसतोड कामगार. बीड, अहिल्यानगर, नाशिक अशा जिल्ह्यांच्या काही तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघतात. बीएलओ घरी येतो तेव्हा दाराला कुलूप, आणि शेजारी सांगतो "गेले". या एका शब्दावर 'स्थलांतरित' अशी नोंद होऊ शकते. कायद्याने तात्पुरते बाहेर गेल्यामुळे माणसाचे सर्वसाधारण रहिवासीपण संपत नाही. टोळी निघण्याआधी मुकादमाकडून नावे घ्या, यादीशी ताडून पाहा आणि बीएलओला लेखी कळवा की ही कुटुंबे हंगामापुरती गेली आहेत.

वसतिगृहातल्या विद्यार्थ्याला घरचा किंवा वसतिगृहाचा यांपैकी एक पत्ता निवडता येतो. वसतिगृहाचा निवडला तर संस्थाप्रमुखाचे प्रमाणपत्र लागते. कुठला पत्ता घ्यावा हे तुम्ही सुचवू नका. परीक्षेच्या आणि सुट्टीच्या दिवसांत तू कुठे असतोस एवढे विचारा, तो स्वतः ठरवेल.

भाडेकरूंना हमखास सांगितले जाते की सहा महिने राहिल्याशिवाय नाव लागत नाही. तशी अट नाही, तिथे सर्वसाधारणपणे राहत असणे पुरे. बेघर माणसालाही नाव नोंदवता येते. तो सांगतो त्या जागी रात्री जाऊन बीएलओने खात्री करायची असते, आणि त्यासाठी पत्त्याचा कागद मागायचा नसतो. पारधी, डोंबारी अशा भटक्या-विमुक्तांच्या पालांवर एकटे जाण्यापेक्षा तिथे आधीपासून काम करणाऱ्या संस्थेला बरोबर घ्या. तृतीयपंथीयांना लिंगाच्या रकान्यात स्वतंत्र पर्याय आहे. तो निवडायचा की नाही हे त्यांचे त्यांनी ठरवायचे.

अर्ज गेल्यावर

संदर्भ क्रमांक मतदाराच्या फोनमध्ये आणि तुमच्या वहीत, दोन्हीकडे हवा. आलेल्या अर्जांची यादी हरकतींसाठी प्रसिद्ध होते आणि सात दिवस गेल्याशिवाय निर्णय होत नाही. मधल्या काळात बीएलओ घरी येतो. इथेच बरेच अर्ज पडतात, कारण घरी कोणी नसते आणि फोन अनोळखी क्रमांकाचा म्हणून उचलला जात नाही. अर्जदाराला बीएलओचा क्रमांक सेव्ह करून द्या.

अर्ज फेटाळला तर कारण मागा. पंधरा दिवसांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते आणि तिथेही नकार मिळाला तर तीस दिवसांच्या आत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. अपिलापर्यंत फार थोडे जण जातात. बहुतेकदा अस्पष्ट फोटो किंवा चुकीचा जोडलेला कागद एवढेच कारण निघते, आणि नवा अर्ज लवकर मार्गी लागतो.

दोनशे अर्जांचा गठ्ठा तहसील कार्यालयात नेऊन देण्याचा मोह टाळा. संस्थेने एकगठ्ठा दिलेले अर्ज घेतले जात नाहीत. त्याऐवजी बीएलओ केंद्रावर बसतात त्या विशेष शिबिराच्या शनिवार-रविवारी लोकांना तिथे न्या.

निष्पक्ष राहणे म्हणजे नक्की काय

"मग यंदा कुणाला द्यायचं?" हा प्रश्न तुम्हाला प्रत्येक दारावर येणार. ठरलेले उत्तर ठेवा: "ते तुम्ही ठरवायचं, दादा. उमेदवारांची माहिती कुठं मिळते ते दाखवतो." उमेदवाराच्या शपथपत्रात गुन्हे, मालमत्ता, कर्जे, शिक्षण सगळे असते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांनंतर हे बंधनकारक झाले, आणि आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येते. पाच उमेदवार असतील तर पाचही दाखवा, नाहीतर एकही नको.

कुठल्या नेत्याने दिलेले टी-शर्ट, पाण्याच्या बाटल्या, गाडी घेऊ नका. तुमच्या गटातला एखादा कार्यकर्ता प्रचारात उतरणार असेल तर त्याने उतरावे, तो त्याचा हक्कच आहे. मात्र त्या काळात त्याने या कामातून बाजूला व्हावे. गावात सगळ्यांना सगळे माहीत असते. एका माणसाच्या गमछ्याने सगळ्या गटाचे नाव जाते.

"मत दिलं नाही तर तक्रार करायचा हक्क नाही" हे वाक्यही वापरू नका. ते खोटे आहे. मत न दिलेल्यालाही रस्ता, पाणी, दाखला मागायचा पूर्ण हक्क आहे. आणि टोमणे खाऊन कोणी केंद्रावर जात नाही.

निवडणूक जाहीर झाल्यावर

लोकसभा-विधानसभेसाठी उमेदवारी अर्जांच्या शेवटच्या तारखेनंतर यादीत बदल होत नाही, आणि पडताळणीला वेळ लागत असल्याने त्याच्या साधारण दहा दिवस आधी अर्ज गेलेला बरा. पुढे तुमचे काम बदलते: नोंदणी संपली, आता माहिती पोचवायची.

व्हॉट्सॲपवर दर निवडणुकीला तोच मेसेज फिरतो. 'यादीत नाव नसले तरी आधार दाखवून कलम ४९अ खाली चॅलेंज व्होट मागा. एखाद्या केंद्रावर १४ टक्क्यांहून जास्त टेंडर व्होट पडले तर फेरमतदान होते.' दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही. खरे आहे ते एवढेच: तुमच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले असेल, तर ओळख पटवून तुम्हाला कागदी मतपत्रिकेवर मत देता येते. तेच टेंडर मत किंवा प्रदत्त मत, आणि ते यंत्रातून नव्हे तर पाकिटात जाते.

पंच्याऐंशीच्या पुढचे आणि चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेले मतदार लोकसभा-विधानसभेला घरून मत देऊ शकतात. त्यासाठी फॉर्म १२ड अधिसूचनेनंतर पाच दिवसांत द्यावा लागतो. हे पाच दिवस पटकन निघून जातात, म्हणून अशा आजी-आजोबांची यादी आधीच तयार हवी. एकदा घरून मतदानाला मंजुरी मिळाली की मग केंद्रावर जाऊन मत देता येत नाही, हेही त्यांना सांगा. काही जणांना वर्षातून एकदा शाळेच्या पायऱ्या चढायच्याच असतात.

केंद्र कुठले आणि अनुक्रमांक किती हे सांगणाऱ्या चिठ्ठ्या द्यायच्या असतील तर साध्या पांढऱ्या कागदावर, कोणाचेही नाव-चिन्ह नसलेल्या. सरकारकडून येणारी मतदार माहिती चिठ्ठी ओळखपत्र म्हणून चालत नाही. मतदान कार्ड नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेले बँक किंवा पोस्टाचे पासबुक, मनरेगा जॉबकार्ड असे ठरलेले पर्याय चालतात. स्थानिक निवडणुकांसाठी राज्य निवडणूक आयोग आपली यादी वेगळी काढतो, तीही पाहून ठेवा. कार्डावरच्या नावात काना-मात्रेची चूक असेल तर घाबरवू नका. ओळख पटत असेल तर अशी चूक आड येत नाही.

स्थानिक निवडणुकीत एक गोष्ट आवर्जून समजवावी लागते. मुंबईत एका प्रभागाला एक नगरसेवक. इतर महापालिकांत एका प्रभागातून बहुधा चार. म्हणजे मतदाराला अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार मते द्यायची असतात. बरेच जण एकदा बटण दाबून निघतात आणि अधिकाऱ्याला "अहो, थांबा, अजून राहिलंय" म्हणत मागे धावावे लागते. नगरपरिषदेत नगराध्यक्षाचे मत वेगळे, जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचे मिळून दोन. पुठ्ठ्यावर नमुन्याचे यंत्र करून दाखवा, पण त्यावर कपबशी, पतंग अशी खरी चिन्हे नकोत. कोणाचे तरी चिन्ह निघतेच. आकडे किंवा भाज्यांची नावे लिहा.

मतदानाचा दिवस

केंद्रापासून शंभर मीटरच्या आत प्रचार करता येत नाही. तुम्ही प्रचार करत नसलात तरी घोळका करून आत उभे राहू नका. बाहेर एक टेबल, यादी, पाणी आणि अनुक्रमांक शोधून देणारा एक शांत माणूस. खुर्चीची किंवा रॅम्पची अडचण असेल तर केंद्राध्यक्षांना सांगा. अंध किंवा अशक्त मतदाराबरोबर अठरा पूर्ण झालेला एक सोबती जाऊ शकतो, पण एका सोबत्याने एकाच मतदाराबरोबर जायचे. तुम्ही दिवसभर सगळ्या आजींचे सोबती होऊ शकत नाही. मतदारांना ने-आण करायला कोणी गाडी देऊ केली तर ती कोणाची आणि डिझेल कोणाचे हे विचारा. उमेदवाराने मतदारांना फुकट वाहन पुरवणे हा भ्रष्ट आचार ठरतो. अपंग मतदारांसाठी प्रशासन वाहनाची सोय करते, तिची चौकशी आदल्या दिवशी करून ठेवा.

फोन घरी ठेवून यायला सांगा. वेळ संपताना जे रांगेत उभे असतात त्या सगळ्यांना मत देता येते, त्यामुळे सहाच्या ठोक्याला रांगेतून कोणी निघू लागले तर त्याला थांबवा.

निकालानंतर

इथे बहुतेक गट विसर्जित होतात. तसे करू नका, कारण यादीमुळे तुम्हाला आता प्रत्येक घर माहीत झालेले असते. गावात असाल तर पुढचे काम ग्रामसभेचे. वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या रूढ तारखा. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जे कमी असेल ते. पहिली सभा गणपूर्तीअभावी तहकूब होते आणि नंतर होणाऱ्या तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, म्हणून मोजक्या माणसांत ठराव होऊन जातात. पहिल्याच सभेला शंभर माणसे बसवणे हे एखाद्या उत्साही गटाला सहज जमते. आधी महिलांची स्वतंत्र सभा व्हायला हवी, ती झाली का आणि तिथले ठराव मुख्य सभेपुढे ठेवले का हे विचारा.

शहरात हे काम विस्कळीत आहे. प्रभाग समितीच्या बैठका, वॉर्ड ऑफिसातल्या तक्रारी, माहितीचा अधिकार असे तुकडे जोडावे लागतात. पुणे महापालिका २००६ पासून अर्थसंकल्पासाठी नागरिकांकडून कामे सुचवून घेते. पुण्यात असाल तर त्या अर्जांची मुदत विचारून घ्या, ती फारशी जाहिरात न होता निघून जाते. किरकोळ वाटणारी कामे सुचवा: दिव्याचा खांब, बसथांब्याला शेड, फुटलेले पदपथ. मोठ्या पुलाचे स्वप्न या पैशांत बसत नाही.

आणि ग्रामसभेला गेलात की मागच्या सभेचे इतिवृत्त वाचायला सांगा. ते वाचून कायम करणे हा पहिला विषय असतो आणि "वाचलेलं समजण्यात यावं" म्हणून तो उरकला जातो. उभे राहून शांतपणे म्हणा, "भाऊसाहेब, वाचाच." मागच्या वेळी झालेला ठराव त्यात नसेल, तर आक्षेप त्याच क्षणी नोंदवून घ्या आणि नोंदीचा शब्दन् शब्द ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी (पूर्वीचे ग्रामसेवक) लिहिला की नाही ते सही करण्याआधी पाहा.